रविवारी भरलेलं मन बुधवारी कोरडं का पडतं, आणि खरा खड्डा कुठं असतो

भाऊ, जय ख्रिस्त. तुमचा प्रश्न मोकळेपणानं विचारलात, बरं केलंत. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. हे भाऊ वाळूजला एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतात, गाव बीडकडचं, बाप्तिस्मा घेऊन दोन वर्षं झाली, रूमवर राहतात. म्हणतात की रविवारी उपासनेत डोळ्यात पाणी येतं, सोमवारी मनाशी ठरवतो की आता नीट चालायचं, आणि बुधवार उजाडेपर्यंत सगळं कोरडं, बायबल हातात घ्यावंसं वाटत नाही, सेकंड शिफ्ट करून आलं की रात्री मोबाईलवर नको ते बघणं होतं, आणि मग लाजेनं दोन-दोन रविवार चर्चला जातच नाही. असे खड्डे टाळायचे कसे, आणि अशा अवस्थेत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत मंडळीनं मिळून घ्यायची भाकर आणि प्याला, घ्यावं का, असं त्यांनी विचारलंय.

मी जालना भागात बरीच वर्षं मंडळीचं काम करतोय. घरभेटी, प्रार्थना सभा, दवाखान्यात कुणाच्या उशाशी बसणं, भावाभावातली भांडणं मिटवणं, सगळंच आलं त्यात. एवढ्या काळात जी गोष्ट मला पक्की कळली ती आधीच सांगतो म्हणजे पुढचं त्याला धरून वाचाल. विश्वासातला माणूस पडतो तेव्हा नुकसान होतंच, पण तो खरा हातचा जातो ते पडल्यावर लपायला लागतो तेव्हा. तुमचं सगळं वाचून मला मोबाईलपेक्षा जास्त काळजी वाटली ती त्या दोन रविवारांची.

दावीद राजाचं बघा ना. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा अकरावा अध्याय काढा आणि सावकाश वाचा. राजे लढाईला निघायचे दिवस होते, सैन्य गेलं, हा मात्र यरुशलेमेत राहिला, संध्याकाळी पलंगावरून उठून गच्चीवर फिरत होता आणि नजर उरीया नावाच्या त्याच्याच सैनिकाच्या बायकोवर गेली. पहिलं पाप तिथं झालं, ते मोठंच होतं, आणि ती गरोदर राहिली. पण तेवढ्यावर उरीया मेला नव्हता. उरीया मेला तो पुढच्या लपवालपवीत. आधी त्याला लढाईवरून बोलावून घरी पाठवायचा प्रयत्न, तो घरी गेला नाही, मग त्याला दारू पाजली, तरी गेला नाही, मग त्याच्याच हातात त्याच्या मरणाची चिठ्ठी देऊन परत पाठवला. एका संध्याकाळची गोष्ट झाकायला एवढं सगळं करावं लागलं, आणि हे करणारा कोण, तर ज्याची स्तोत्रं आपण आजही म्हणतो तो माणूस. बत्तिसाव्या स्तोत्रात कबूल न करता गप्प राहण्याबद्दल जे लिहिलंय ते आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. मी गप्प राहिलो तोवर माझी हाडं झिजली, उन्हाळ्यात सगळं सुकून जावं तसा माझा जीवनरस आटला, असा त्याचा भाव आहे. तुमच्या कोरडेपणातला थोडा भाग हा असू शकतो. सगळा नाही, थोडा, त्याचं पुढं सांगतो.

येशूचे शिष्य पेत्र आणि यहूदा हे दोघंही एकाच रात्री पडले हे आपण विसरतो. यहूदानं येशूला धरून दिलं, पेत्रानं तीनदा त्याची ओळखच नाकारली. दोघांनाही पस्तावा झाला, यहूदानं तर पैसेसुद्धा परत नेऊन टाकले. फरक कुठं पडला तर यहूदा मग एकटा निघून गेला आणि एकट्यानंच संपला, आणि पेत्र, एवढी नामुष्की होऊनसुद्धा, तिसऱ्या दिवशी बाकीच्या शिष्यांबरोबरच सापडतो आपल्याला. त्यांच्यात बसायला त्याला काय वाटलं असेल याचा विचार करा. तरी तो बसला, आणि म्हणून समुद्राच्या काठी येशूनं "माझ्यावर प्रीती करतोस का" असं विचारलं तेव्हा उत्तर द्यायला तो तिथं होता. तर भाऊ, पहिली गोष्ट, पडलात तरी येणारा रविवार चुकवायचा नाही. मागच्या बाकावर बसा, कुणाशी बोलू नका, भजन ओठावर आलं नाही तरी चालेल, पण या.

आता कोरडेपणाचं. रविवारी जे भरून येतं ते खोटं नसतं, कुणी तसं म्हणालं तर मनावर घेऊ नका. पण ते आठवडाभर पुरवायचं नसतं. निर्गमच्या सोळाव्या अध्यायात मान्ना, म्हणजे रानात देवानं इस्राएल लोकांना दिलेलं अन्न, रोजचा रोज वेचायचा होता आणि ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले, शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी तेवढी दुप्पट वेचायची मुभा. आपण काय करतो तर रविवारचं भरलेलं मन बुधवारी शोधतो आणि ते नाही म्हटल्यावर देव दूर गेला असं धरून चालतो. देव कुठं गेलेला नसतो, भावना ओसरलेली असते, आणि भावना ओसरणारच.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचा एक संन्यासी होता, त्यानं माणसाला सतावणाऱ्या आठ वाईट विचारांची मांडणी केली. त्यातल्या एकाला तो भरदुपारचं भूत म्हणायचा. दिवस मध्यावर येतो, सूर्य जागचा हलेना असं वाटतं, माणूस सारखा दाराकडं बघतो, हातातलं काम नकोसं होतं, ही जागाच वाईट, ही माणसंच प्रेमळ नाहीत, दुसरीकडं गेलो असतो तर बरं झालं असतं असले विचार येतात. सोळाशे वर्षं झाली त्याला, पण हे बुधवारचंच वर्णन आहे की नाही सांगा. मोठं पाप करावंसं वाटत नसतं त्या वेळी, नुसता कंटाळा असतो, आणि तो कंटाळा घालवायला हात मोबाईलकडं जातो. त्या संन्याशांचा त्यावरचा उपाय अगदी साधा होता, जागा सोडायची नाही आणि हातातलं लहान काम पुरं करायचं. याच्या जोडीला इग्नाशियस लोयोला या सोळाव्या शतकातल्या माणसाचा एक सल्ला मी तरुण पोरांना कायम सांगतो, ते कॅथलिक आणि मी प्रोटेस्टंट, पण शहाणपण कुणाचंही घ्यावं. मन उदास आणि कोरडं असताना चांगल्या दिवशी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. म्हणजे बुधवारी चर्च सोडायचं ठरवायचं नाही, ग्रुपमधून लेफ्ट व्हायचं नाही, बाप्तिस्मा घेतला ते चुकलंच असलं काही मनात पक्कं करायचं नाही. जे ठरवायचं ते मन शांत असताना.

रोजच्या प्रार्थनेचं म्हणाल तर पहाटे पाचला उठा हा सल्ला तुमच्या कामाचा नाही. पहाटेची वेळ चांगलीच आहे, पण ज्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते त्यानं घड्याळाला बांधून घेतलं की पहिल्याच नाईटमध्ये सगळं मोडतं आणि वर अपराधी वाटतं ते वेगळंच. तुम्ही वेळ घड्याळाला बांधू नका, एखाद्या रोजच्या कामाला बांधा. आंघोळ झाली की कपडे घालून डबा भरायच्या आधी दहा मिनिटं, मग शिफ्ट कोणतीही असो, आंघोळ तर होतेच. मार्काचं शुभवर्तमान घ्या, सोळाच अध्याय आहेत, रोज एक घटना वाचा, एकच, आणि त्यात येशू काय करतोय एवढंच बघा. उत्पत्तीपासून सुरू करून वर्षात सगळं बायबल संपवतो म्हणणारी बरीच मंडळी लेवीयच्या आसपास थांबलेली मी बघितलीत. प्रार्थना सुचत नसली तर स्तोत्र मोठ्यानं वाचा, रेव्ह. ना. वा. टिळकांचं एखादं भजन गुणगुणा, दुसऱ्यानं बांधलेल्या शब्दांत प्रार्थना केली तर ती कमी दर्जाची होत नाही. आणि सगळंच अंधारात वाटत असेल त्या दिवशी ८८ वं स्तोत्र काढा. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, कुठंही उजाडत नाही त्यात, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. देवाशी असंही बोलता येतं हे कळलं की बऱ्याच जणांचा जीव हलका होतो.

आता मोबाईल. याबद्दल नुसतं "प्रार्थना करा भाऊ" म्हणून सोडून देणाऱ्यांचा मला राग येतो. सेकंड शिफ्ट सुटून रूमवर यायला बारा-साडेबारा होतात, अंग थकलेलं पण डोकं जागं, पोटात नीट काही गेलेलं नाही, रूम पार्टनर झोपलेला किंवा नाईटला गेलेला, चार्जरची पिन उशाशी. या परिस्थितीत माणूस पडला तर त्यात आश्चर्य काय. प्रेषित पौल रोमकरांना लिहितो की देहवासनांची तरतूदच ठेवू नका, तर तरतूद कुठं आहे ते आधी बघा, आणि तुमच्या बाबतीत ती त्या पिनमध्ये आहे. एक्स्टेन्शन बोर्ड दाराजवळ न्या, मोबाईल रात्रभर तिथं, उठायला साधं गजराचं घड्याळ घ्या. आल्या-आल्या आधी खा, भात-वरण असो नाहीतर थंड भाकरी आणि ठेचा, पण खा, हात-पाय धुवा आणि दिवा बंद करा. आणि मंडळीतल्या एका माणसाला सांगून ठेवा की या आठवड्यात माझी सेकंड आहे. एवढ्या एका वाक्यानंसुद्धा खूप फरक पडतो, कारण त्यानं सकाळी विचारलं की काय रे कशी गेली रात्र, तर आता ते विचारणारं कुणीतरी आहे.

हे सांगून ठेवणं म्हणजेच माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा आहे म्हणून इथं जरा थांबतो. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करा असं सरळ लिहिलंय, आणि आपल्या मंडळ्यांमध्ये सगळ्यात कमी पाळली जाणारी आज्ञा कोणती असेल तर माझ्या मते हीच. इग्नाशियसनंही हेच ओळखलं होतं की सैतानाला गुपित फार आवडतं, गोष्ट बाहेर आली की त्याचा डाव मोडतो. इंग्लंडात मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या लोकांनी तर याची पद्धतच पाडली. १७४२ साली ब्रिस्टलला प्रार्थनागृहाचं कर्ज फेडायचं म्हणून बारा-बारा जणांचे गट केले, दर आठवड्याला एकेक पेनी गोळा करायची. पैसे गोळा करणारा घरोघर जायला लागला तेव्हा कुणाचं काय चाललंय ते कळायला लागलं आणि त्यातूनच दर आठवड्याला भेटून तुझ्या जिवाचं काय चाललंय हे विचारायची रीत पडली. आमच्या जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकात रेव्ह. नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवलं, नवीन विश्वासणाऱ्यांचं एक गावच. अशी वस्ती आज प्रत्येकाला मिळणार नाही, वाळूजच्या एका खोलीत तर नाहीच, म्हणून निदान एक माणूस तरी हवा.

पण वाटेल त्याला सांगत सुटू नका. ज्याच्या पोटात गोष्ट राहते असा माणूस बघा, वयानं थोडा मोठा, पुरुषानं पुरुषाला आणि बाईनं बाईला. साक्ष द्यायच्या वेळी स्टेजवर जाऊन सांगायची ही गोष्ट नाही, तिथं लोक हलेलुया म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी बचत गटात चर्चा होते. तुम्ही ज्याला सांगणार त्यानं ऐकून लगेच उपदेश सुरू केला तर त्याला सांगा की दादा, आज फक्त ऐका आणि प्रार्थना करा. आणि एक वेगळी गोष्ट इथंच स्पष्ट करतो, कुणा लेकरावर अत्याचार झाल्याचं कानावर आलं तर ते मंडळीत बसून मिटवायचं प्रकरण नसतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, १०९८ वर फोन लावता येतो. पापाची कबुली आणि गुन्हा दडपणं या दोन गोष्टींची सरमिसळ कुणीच करू नये, पाळकांनी तर मुळीच नाही.

तुम्ही मोबाईलचं विचारलंत म्हणून त्यावर एवढं बोललो, पण खरं सांगू का, मी जास्त घरं मोडलेली पाहिली ती मनात धरलेल्या रागानं. एका गावात दोघं सख्खे भाऊ, दोघंही विश्वासू, थोरला उपासनेत डावीकडं बसायचा आणि धाकटा उजवीकडं, कित्येक वर्षं बोलणं नाही. विषय काय तर धुऱ्यावरचं लिंबाचं झाड आणि त्याच्या पलीकडची दोन-अडीच हात जमीन. दोघांच्या प्रार्थना एकदम मोठ्या, दोघांना वचनं पाठ. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात लिहिलंय की वेदीपाशी अर्पण आणलं आणि भावाच्या मनात आपल्याबद्दल काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथंच ठेवून आधी जाऊन समेट कर. एका प्रभुभोजनाच्या रविवारी थोरला खरंच उठला, भाकर घ्यायच्या आधी, आणि सगळ्यांच्या देखत पलीकडच्या बाजूला जाऊन धाकट्याच्या शेजारी खाली बसला. बोलला एवढंच, "मोजणी आणू, ती म्हणंल तसं करू, पण आजपासून माझ्याशी बोल." धाकटा काही बोलला नाही, नुसता सरकून त्यानं जागा दिली. जमिनीचा वाद त्या दिवशी मिटला नाही, पुढं मोजणी आली तेव्हा मिटला. पण दोघांच्या बायका पुढच्याच रविवारी एका रिक्षातून आल्या. इफिसकरांच्या पत्रात सूर्य मावळायच्या आत राग सोडा म्हणतात, आणि लगेच पुढच्याच वचनात सैतानाला वाव देऊ नका असं येतं, ते उगाच नाही.

पैशाचा खड्डा लवकर सांगतो. पाऊस गेला, कर्ज झालं, घरात आजारी माणूस, अशा वेळी यूट्यूबवर कुणीतरी सांगतं की अमुक रुपयांचं बी पेरा, देव शंभरपट देईल, किंवा व्हॉट्सॲपवर येतं की हा आशीर्वाद अकरा जणांना पाठवा. असल्या ठिकाणी हात उसने घेऊन पैसे पाठवलेली माणसं मी बघितलीत आणि नंतर मंडळीला तोंड दाखवायला लाजून घरी बसलेलीही, म्हणजे परत तेच लपणं. बिरुया गावचे लोक पौलाचंसुद्धा शास्त्रात तपासून बघायचे, आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्यासाठी त्यांचं कौतुक केलंय. तुम्ही यूट्यूबवाल्याचं तपासलंत तर त्यात अविश्वास काही नाही. कर्ज झालं असेल तर तेही त्याच एका माणसाला सांगा.

सेवा करणाऱ्यांनाही दोन शब्द, कारण हे वाचणाऱ्यांत संडे स्कूल घेणारे, क्वायरवाले, प्रार्थना गट चालवणारे असतीलच. विहिरीत पाणी नसताना मोटार चालू ठेवली की मोटार जळते. दुसऱ्याला सांगायला वचन शोधणं आणि स्वतःसाठी वाचणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्याच्याकडं सगळे प्रार्थनेसाठी येतात त्याला "माझ्यासाठी प्रार्थना करा" म्हणायची सर्वात जास्त लाज वाटते. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा माणूस, मंदिरात प्रार्थना करताना खोटं बोलत नव्हता, तो खरंच उपास करायचा, दशांश द्यायचा. त्याला मागायलाच काही उरलं नव्हतं.

आणि सगळा कोरडेपणा पापामुळं असतो असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, वर म्हणालो होतो ना याचं सांगतो म्हणून. एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवून आला आणि लगेच झुडपाखाली बसून मरण मागायला लागला. देवानं त्याला रागावलं नाही, पश्चात्ताप कर म्हटलं नाही. झोपू दिलं, दूतानं भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं, आणि बोलणं बरंच नंतर. नाईट शिफ्टच्या आठवड्यात झोप अर्धवट होते आणि मग मन कोरडं वाटतं, त्याला आधी झोप पाहिजे. पण आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कशातच जीव रमत नसेल, जगून काय करायचं असं मनात येत असेल तर डॉक्टरला दाखवा, आणि सरकारचा टेलिमानस नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, कधीही लावा. आपल्या मराठवाड्यात कितीतरी घरांनी यातून माणसं गमावलीत, त्यामुळं यात विश्वास कमी पडला वगैरे बोलणाऱ्याला मी तरी गप्प करतो. गोळी घेऊन प्रार्थना करता येते.

राहिला तुमचा प्रभुभोजनाचा प्रश्न. करिंथकरांच्या पहिल्या पत्रातला अकरावा अध्याय वाचून तुम्ही घाबरला असणार, अयोग्य प्रकारे खाईल पिईल तो दोषी ठरेल ते वाचून. पण तिथं काय चाललं होतं ते वरच्या वचनांत बघा, पोटभर असलेले आधीच जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे, कुणी तर पिऊन तर्र व्हायचे, त्याबद्दल पौल बोलतोय. आणि माणसानं स्वतःची परीक्षा करावी, एवढं म्हणून तो थांबत नाही, आणि मग त्या भाकरीतून खावं असं म्हणतो. परीक्षा करून घरी बसावं असं कुठंही लिहिलेलं नाही. जो पापाला धरून बसलाय, सोडायचंच नाही म्हणतो, त्यानं थांबावं. जो पडतोय, रडतोय, उठायचा प्रयत्न करतोय, त्यानं यावं. तुम्ही दुसऱ्यातले आहात हे तुमच्या प्रश्नावरूनच कळतं. तेव्हा पुढच्या प्रभुभोजनाच्या आधी, शनिवारी वेळ काढून, मंडळीतल्या त्या एका भावाकडं जा, चहा घ्या, जे आम्हाला विचारलंत ते त्याला तोंडानं सांगा, दोघं मिळून प्रार्थना करा, आणि रविवारी त्याच्या शेजारी बसून भाकर घ्या.